परदेशातून सांगलीला परत यायचं की नाही, ठरवायचं कसं? एकेक पायरी

आईबाबा सत्तरीच्या पुढं गेलेत, पोरगं तिसरीत आलंय, ग्रीन कार्डाची लाईन काही हलत नाही, आणि मग रात्री जेवणं झाली की विषय निघतो, परत जायचं का आपण? बऱ्याच घरांत हा विषय वर्षानुवर्षं तसाच लोंबकळत राहतो, कारण या एका प्रश्नात आठ-दहा वेगळे प्रश्न कोंबलेले असतात आणि ते सुटे करून कुणी बघत नाही.

मी कराडची, सासर सांगलीचं, अमेरिकेत बरीच वर्षं काढून आता आम्ही सांगलीतल्या विश्रामबागला राहतोय. आल्यापासून ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली माणसं विचारत असतात, त्यांना फोनवर जे सांगते तेच इथं सविस्तर लिहितेय. माझं सगळं म्हणणं एका नियमावर उभं आहे: जे मागं घेता येतं ते आधी करा, जे मागं घेता येत नाही ते सगळ्यात शेवटी. राजीनामा, तिथलं घर विकणं, व्हिसा किंवा पीआर (तिथं कायम राहायचा परवाना) सोडणं, दहावीच्या तोंडावर पोराची शाळा बदलणं, हे सगळं शेवटी. त्याच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे.

पायरी १: कारण लिहून काढा, दोघांनी वेगवेगळं

नवऱ्यानं वेगळ्या कागदावर, बायकोनं वेगळ्या, आणि लिहून होईपर्यंत एकमेकांना दाखवायचं नाही. बोलताना आपण समोरच्याला आवडेल असं बोलतो, कागदावर तसं होत नाही. मग प्रत्येक कारणासमोर लिहा की सांगलीला (किंवा साताऱ्याला) येऊन हे खरंच सुटणार आहे का. आईबाबांच्या जवळ राहायचंय, हे सुटतं. पोरांना आजी-आजोबा मिळावेत, तेही सुटतं. नोकरी जायची भीती वाटते, हे सुटत नाही, कारण तुमच्या पगाराच्या आयटी नोकऱ्या सांगलीत फारशा नाहीतच, पुणं गाठावं लागतं. कामाचा कंटाळा आलाय, त्याला देश नाही, काम बदलावं लागतं. दोघांचं आपसात पटत नाही, ते इथं येऊन बिघडायचीच शक्यता जास्त, कारण आता त्यात चार माणसं वाढतात.

एक गोष्ट आपल्या भागातली म्हणून सांगते. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी पिढ्यानपिढ्या देशभर सोन्याचांदीच्या धंद्यात पसरलीत, माण-खटावची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, अपशिंग्यासारख्या गावातला घरटी एकेकजण फौजेत. घर सोडून लांब राहणं आपल्याकडं नवीन नाहीच. यातल्या कितीतरी कुटुंबांनी कायमचं इकडं किंवा कायमचं तिकडं असं कधी केलंच नाही, गावाकडचं घर नीट ठेवलं, यात्रेला-लग्नाला येत राहिले, म्हातारपणी एकजण आधी आला आणि बाकीचे मागनं. तुमच्या कागदावरची कारणं बघून कदाचित लक्षात येईल की वर्षातले दोन-तीन महिने इथून काम करायची परवानगी मिळाली तरी निम्मं दुखणं थांबतंय. मग तेच आधी मागून बघा की.

पायरी २: नेमकं कुणाच्या घरात राहणार?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते, आणि लोक नेमकं हेच टाळतात. "आपलंच घर आहे की, त्यात काय ठरवायचं" असं नवरे म्हणतात. बायकोसाठी ते सासर असतं. परदेशात दहा वर्षं स्वतःच्या हातानं संसार केलेली बाई परत येऊन दुसरीच्या स्वयंपाकघरात उभी राहते तेव्हा भांडी कुठं ठेवायची इथपासून सुरुवात होते, आणि सासूबाईंनाही ते तितकंच जड जातं हे कुणी बोलत नाही. त्यांची सकाळची पूजा, दुपारची भिशी, संध्याकाळच्या मालिका, बाबांचा बागेतला कट्टा, ही त्यांची घडी बसलेली असते. तुम्ही येणार म्हणून त्या खूश असतात आणि थोड्या धास्तावलेल्याही.

फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमचं काय, आम्ही राहतोय की, तुमचं तुम्ही बघा बाबांनो." या उत्तरावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. समोर बसून साधे प्रश्न विचारा. आम्ही याच घरात राहिलेलं आवडेल की जवळच वेगळा फ्लॅट घेतलेला? स्वयंपाकाला बाई लावली तर चालेल का? आम्ही रात्री बारापर्यंत मीटिंगला बसणार, त्याचा त्रास होईल का? पोरांना शिस्त लावताना मध्ये कोण बोलणार? मी स्वतः दहा मिनिटांच्या अंतरावर वेगळं राहण्याच्या बाजूची आहे. रोज संध्याकाळी जाता येतं, रात्री-अपरात्री बोलावलं तर लगेच पोचता येतं आणि दोन्ही घरांची दारं लावायची सोय राहते. एकत्रच राहायचं ठरलं तर वरच्या मजल्याला वेगळं किचन काढता येतंय का बघा, त्यावर खर्च झाला तरी करा.

आणि बायकोचं माहेर? ते या हिशोबात बहुतेक वेळा येतच नाही. माझे आईबाबा कराडला, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचा प्रवास. त्यांनाही वय झालंय. आठवड्यातला कुठला दिवस त्यांचा, हे येण्याआधी ठरलं तर नंतर प्रत्येक वेळी परवानगी मागितल्यासारखं वाटत नाही.

ज्या बहिणीनं किंवा भावानं इतकी वर्षं इथं राहून आईबाबांचं केलं, दवाखाने केले, त्यांच्याशी वेगळं बोला. तुम्ही येताय म्हटल्यावर त्यांच्या मनात सुटकेची भावना असते, थोडा रागही असतो आणि जमिनीचा-घराचा विषयही असतो, तिन्ही रास्त आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिलाय आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलंय. "ताई हक्कसोड करून देईल" असं मनात धरून घराचा प्लॅन काढू नका. बाबा आहेत तोवर सगळ्यांना बसवून बोला, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा, कुणाची नावं आहेत, आजोबांच्या मागं वारसनोंद झालीय का, फेरफार राहिलाय का ते बघा. तिथूनच काम करायचं असेल तर मुखत्यारपत्र करता येतं, मात्र परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

पायरी ३: जुलैमध्ये येऊन राहा

दिवाळीत किंवा डिसेंबरात आलेल्या माणसाला सांगली कळत नाही. थंडी छान असते, सगळे रजा काढून भेटायला येतात, भडंग आणि पेढ्यांचे पुडे हातात पडतात, तीन आठवड्यांत तुम्ही परत. त्यावरून निर्णय घेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये सहा-आठ आठवडे येऊन राहा, जमलं तर एकदा एप्रिल-मेमध्येही.

आल्यावर पाहुण्यासारखं राहायचं नाही. लॅपटॉप घेऊन तिथल्या वेळेनं काम करा (कंपनीची लेखी परवानगी काढून), लाईट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ टिकतो आणि पावसात नेट कसं चालतं ते बघा. पोरांना एखाद्या क्लासला किंवा ग्राउंडवर रोज पाठवा. भाजी, दूध, गॅस, बँक, तलाठी ऑफिस, ही कामं तुम्ही करा, बाबांना करू देऊ नका. आईबाबांबरोबर एकदा मिरजेला दवाखान्यात जा, ओपीडीत बसा, डॉक्टरांशी स्वतः बोला. मिरज वैद्यकीय गाव म्हणून १८९४ पासून, वॉनलेस हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून ओळखलं जातं, आणि सांगलीत राहायचा हा खरंच मोठा फायदा आहे, मोठ्या शहरात डॉक्टरपर्यंत पोचायलाच जितका वेळ जातो तितक्यात इथं दाखवून घरी येता येतं. साताऱ्याला राहणार असाल तर कराडचं मोठं हॉस्पिटल आणि पुणं हे दोन पर्याय धरून बघा. सातारा-पुणे एकशे दहा किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, त्यामुळं ज्याला आठवड्यातून दोन दिवस पुण्यात ऑफिसला जायचंय त्यानं साताऱ्याचा विचार आधी करावा, भले गाव सांगली असो.

पावसाळ्यात यायचं अजून एक कारण म्हणजे पूर. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा सांगलीत पाणी आलं, आणि २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. घर किंवा प्लॉट बघताना ब्रोकरला विचारू नका, गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, "पुलाला किती फूट झाल्यावर इथं पाणी येतं?" सांगलीकराला हा आकडा तोंडपाठ असतो. २०१९ ला भिंतीवर कुठपर्यंत पाणी आलं होतं ते हात लावून दाखवेल तो.

या ट्रायलमध्ये भांडणं होतीलच. झालेल्या भांडणांचे विषय लिहून ठेवा, पुढं उपयोगी पडतात.

पायरी ४: परतीचा रस्ता किती दिवस उघडा राहतो

हे प्रत्येक देशाचं वेगळं आहे आणि हे माहीत नसताना राजीनामा द्यायचा नाही.

अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर सलग वर्षभर बाहेर राहिलात की ते सोडल्यासारखं धरलं जातं, सहा महिन्यांच्या पुढं गेलं तरी विमानतळावर प्रश्न सुरू होतात. त्यासाठी री-एंट्री परमिट असतं, साधारण दोन वर्षांचं, पण त्याचा अर्ज तुम्ही अमेरिकेत असतानाच करावा लागतो, इथं आल्यावर नाही. एच-वन-बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) असेल तर बाहेर राहिलेला काळ त्याच्या सहा वर्षांच्या मर्यादेत मोजत नाहीत आणि मंजूर आय-१४० ची (कंपनीनं ग्रीन कार्डासाठी केलेल्या अर्जाची) तारीख, म्हणजे लाईनीतला नंबर, राखून ठेवता येते, तरी सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून करायच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावणारा आदेश निघाला, त्यामुळं "पाहिजे तर परत जाऊ" हे वाक्य आता पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. परत जायचा रस्ता कसा असेल ते तुमच्या इमिग्रेशन वकिलाकडून निघायच्या आधी लेखी घ्या. ब्रिटनचा आयएलआर (तिथला कायम राहायचा परवाना) सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर जातो. कॅनडाच्या पीआरला पाच वर्षांत ७३० दिवस तिथं असावं लागतं. जर्मनीचा कायमचा परवाना साधारणपणे सहा महिन्यांत संपतो, ईयू ब्लू कार्डावर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना) असाल तर त्याला बारा महिने मिळतात. दुबईचा रेसिडेन्स व्हिसा सहा महिने बाहेर राहिलं की जातो.

तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर भारताचा पासपोर्ट राहत नाही, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं. ओसीआयवर राहता येतं, कामधंदा करता येतो, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली चालते. "परत आलो की तासगावकडं द्राक्षबाग घेतो" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. भारतीय नागरिक राहिलात तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

नागरिकत्व मिळायला वर्ष-दीड वर्ष राहिलं असेल तर माझं मत सरळ आहे, थांबा, घेऊन या. आईबाबांची तब्येत नाजूक असेल तर मात्र हा हिशोब करत बसू नका.

पायरी ५: पैसे, रुपयांत

डॉलरला गुणून "इतक्या कोटीत आरामात होईल" असं धरू नका. बाबांकडून घरखर्चाची वही मागा, त्यात तुमची शाळेची फी, गाडी, विमा, वर्षातून एक मोठा प्रवास, आईबाबांचा औषधपाणी खर्च घाला. मग महागाई वर्षाला ६ टक्के धरून बघा, त्या वेगानं खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. दुपटीच्या आकड्यावरही झोप लागत असेल तर पैशाचा प्रश्न सुटला.

टॅक्समध्ये तुमच्या फायद्याची गोष्ट म्हणजे आरएनओआर (रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट, परत आल्यावरचा मधल्या काळाचा टॅक्स-दर्जा). परत आलेला माणूस आधीच्या १० पैकी ९ वर्षं नॉन-रेसिडेंट असेल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिलेला असेल, तर त्याला हा दर्जा मिळतो, साधारण दोन, कधी तीन आर्थिक वर्षं. या काळात तुमच्या बाहेरच्या व्याजावर, शेअर्सच्या नफ्यावर, तिकडच्या घराच्या विक्रीवर भारतात टॅक्स लागत नाही (तिकडं लागत असेल तो लागतोच, आणि ग्रीन कार्ड ठेवलंत तर अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर रिटर्न मागते). अमेरिकेतलं राहतं घर असेल तर शेवटच्या पाच वर्षांतली दोन वर्षं तुम्ही त्यात राहिलेले असलात तर माणशी अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा तिथं माफ होतो, म्हणजे भाड्यानं देऊन आलात तरी तीन वर्षांच्या आत विकायचा निर्णय घ्या. हे दोन्ही काळ बरेचसे एकमेकांवर बसतात, त्याचा उपयोग करा.

यायचा महिनाही महत्त्वाचा. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर आलात आणि त्या वर्षात आधी भारतात आला नव्हतात, तर त्या वर्षाचे ६० दिवसही भरत नाहीत, तुम्ही नॉन-रेसिडेंटच राहता. ट्रायलसाठी येऊन राहिलेले दिवससुद्धा मोजले जातात, पासपोर्टवरचे शिक्के बघून एक तक्ता करा आणि अशा केसेस केलेल्या सीएला दाखवा, नुसतं घरच्या ओळखीतला म्हणून नको.

आल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं (परदेशातल्या कमाईचं रुपयांतलं खातं) रेसिडेंट किंवा आरएफसी (परत आलेल्यांचं परदेशी चलनातलं खातं) करावं लागतं, एफसीएनआर ठेव (परदेशी चलनातली मुदत ठेव) मुदतीपर्यंत चालू ठेवता येते. आरएफसीत परदेशी चलन तसंच राहतं आणि आरएनओआर असेपर्यंत व्याजावर टॅक्स नाही, त्यामुळं सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात रुपयांत करू नका. आरएनओआर संपलं की बाहेरचं प्रत्येक खातं, शेअर रिटर्नमध्ये दाखवणं बंधनकारक आहे, लपवलं तर दंड दहा लाखांचा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडाच्या रिटायरमेंट खात्यावरचा टॅक्स पैसे काढेपर्यंत पुढं ढकलायची सोय आहे, फॉर्म मुदतीत भरला तरच. अमेरिकेत दहा वर्षांची, म्हणजे ४० क्रेडिटची नोकरी भरली असेल तर सोशल सिक्युरिटी (तिथलं सरकारी पेन्शन) मिळते, नऊ वर्षांवर सुटू नका, दोन्हीकडची नोकरीची वर्षं जोडायचा भारत-अमेरिकेत करार नाही.

हेल्थ इन्शुरन्स आत्ताच घ्या, तिथं असतानाच. एनआरआयना भारतातली पॉलिसी मिळते आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो तुम्ही तिकडं असताना संपून जाईल. परत यायचं नाही ठरलं तर प्रीमियम गेला एवढंच.

पायरी ६: मुलं

चौथी-पाचवीपर्यंतची मुलं सहा महिन्यांत रुळतात, मराठी तर आजीबरोबर आपोआप येतं. राज्यात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, ती घरी बोलली जात असेल तर लिहायला वर्षभर लागतं. आठवी-नववीतल्या मुलाला उचलून आणणं मला पटत नाही. त्याचं मित्रमंडळ तिथं, आणि इथं आल्या-आल्या बोर्डाचं वर्ष. एकतर सातवीच्या आत या नाहीतर त्याची शाळा संपू दे. त्याला विचारा, आणि विचारल्यावर त्याचं उत्तर मोजा.

परदेशी नागरिक असलेल्या मुलांच्या बाबतीत एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर ओसीआय झालेल्यांना नीट, जेईईमधून फक्त एनआरआय कोट्यातल्या किंवा जादाच्या जागा मिळतात, फक्त भारतीय नागरिकांसाठीच्या जागा नाहीत. त्याआधी ओसीआय झालेल्यांना २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सूट आहे. पोराला मिरजेच्या सरकारी मेडिकलला किंवा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंगला घालायचं स्वप्न असेल तर कार्डावरची तारीख बघा.

पायरी ७: दोघांचं काम

एकाचं काम आधी ठरलेलं असावं, दुसऱ्याचं "आल्यावर बघू" चालेल, पण दरवेळी "बघू" बायकोच्याच वाट्याला येऊ नये. रिमोट काम चालू राहणार असेल तर मॅनेजरचा तोंडी शब्द पुरत नाही, भारतातून काम करण्याचं पत्र, पगार कुठल्या मार्गानं येणार, नोकर म्हणून की कन्सल्टंट म्हणून, हे लेखी पाहिजे. रात्रीची शिफ्ट किती वर्षं झेपेल तेही विचारात घ्या, आईबाबांसाठी आलो आणि दिवसा झोपून काढला असं नको.

पायरी ८: तारीख, आणि दहाव्या महिन्यातली बैठक

एवढं झाल्यावर तारीख ठरवा, कागदावर. "दोन-तीन वर्षांत" ही तारीख नाही. यायचं नाही असं ठरलं तर तेही आईबाबांना स्पष्ट सांगा, त्यांना दर दिवाळीला वाट बघायला लावू नका, त्यापेक्षा त्यांच्यासाठी घरात मदतनीस, बाथरूममध्ये धरायचे दांडे, लिफ्टवाला फ्लॅट या गोष्टींवर लगेच पैसे घाला आणि वर्षातले आपले महिने ठरवून टाका.

यायचं ठरलं तर पहिलं वर्ष भाड्यानं राहा, इथं फ्लॅट घेऊ नका, तिथलं घर विकू नका. तिथला मोबाईल नंबर स्वस्त प्लॅनवर चालू ठेवा, बँकांचे ओटीपी त्यावरच येतात. मुलांचे शाळेचे दाखले अपोस्टिल करून (परदेशात चालावेत म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का घेऊन) आणा, सगळ्यांचे मेडिकल रेकॉर्ड, लसीकरणाच्या नोंदी, नोकरीची अनुभवपत्रं हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि कॅलेंडरवर दहाव्या महिन्यात एक दिवस लिहून ठेवा. ज्यांचा परतीचा रस्ता सहा महिन्यांतच बंद होतो त्यांनी चौथ्या महिन्यात. त्या दिवशी पहिल्या पायरीतले दोन कागद काढायचे, ट्रायलमधल्या भांडणांची यादी काढायची, आणि आधी बायकोनं बोलायचं, मग मुलांनी, मग नवऱ्यानं. मुलं रुळली नसतील, बायको घुसमटत असेल, तर परमिट, व्हिसा सगळं जिवंत असताना परत जाता येतं आणि त्यात नाक कापलं जाण्यासारखं काही नाही. सगळ्यांचं उत्तर "राहूया" आलं तर त्याच आठवड्यात तिथल्या घराच्या विक्रीचं काम एजंटकडं द्या आणि इथं घर बघायला सुरुवात करा, आयर्विनच्या फुटांचा आकडा विचारत.